थोरल्या जावेची साक्ष

"आज वार कोणता, आजी?"

"का? तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय?"

"मला ठाऊक आहे. मी तुम्हाला विचारतेय."

"मग तुम्हाला ठाऊक हाय त्यावर भागवा की. दोघींनी कशाला ध्यानात ठेवायचं?"

मालनबाई वेळापुरे दर खेपेला असंच काहीतरी बोलत, आणि दर खेपेला मला हसू दाबून 'उत्तर दिलं नाही' असं लिहावं लागे. वार, तारीख, महिना. शंभरातून सात वजा करत जा. मघाशी सांगितलेले शब्द परत सांगा. त्या काळात हे प्रश्न मी इतक्या म्हाताऱ्या माणसांना विचारत असे, की घरी नवऱ्यानं सहज 'आज काय वार गं' म्हटलं तरी माझं डोकं फिरायचं. पुण्यातल्या एका रुग्णालयात स्मृतिभ्रंशाचा विभाग होता, तिथं मी कामाला होते. ते काम सोडून आता बरीच वर्षं झाली. पण मालनबाईंची ती खेप काही डोक्यातून जात नाही.

तेव्हा आमच्याकडे एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. आठवण जायला लागलेल्या माणसांपैकी अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला कुठली, हे रुग्णाला ठाऊक नसे आणि आम्हालाही नसे. आम्ही फक्त दर तीन महिन्यांनी बोलावून तपासायचं, माणूस आहे तिथंच आहे की आणखी घसरलं. आता ज्याची आठवणच गेली, त्याला 'तुम्हाला किती आठवतं' असं विचारून उपयोग काय? म्हणून प्रत्येक रुग्णाबरोबर त्याच्याच घरात राहणारा एक धडधाकट माणूस लागायचा. त्याला आम्ही 'सोबती' म्हणत असू. रुग्ण एका खोलीत, सोबती दुसऱ्या. रुग्णाचं बोलणं आम्ही लिहून घ्यायचो, पण विश्वास ठेवायचो सोबत्यावर.

मालनबाईंची सोबती म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, सुलोचनाबाई. कराडला कासार आळीत दोघींचं बांगड्यांचं दुकान होतं. नवरे गेले, दुकान बंद झालं, मुलं आपापल्या गावी गेली, आणि या दोघी त्याच घरात उरल्या. थोरलीला सगळे अक्का म्हणत. अक्का किडकिडीत, तोंडाळ, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. सुलोचनाबाई गोऱ्या, गुबगुबीत, कायम हसऱ्या. जावा-जावांचं इतकं पटलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. भांडायच्या, पण ते भांडणही 'तू आधी जेव, मग मी'वरून.

पहिल्यांदा आल्या तेव्हाची गंमत. संमतीपत्र भरताना मी विचारलं, "आजी, पतीचं नाव?"

अक्कांनी कोपरानं जावेला ढोसलं. सुलोचनाबाई पदर सावरून म्हणाल्या, "नरहरी बाळकृष्ण वेळापुरे." मग मी सुलोचनाबाईंना तेच विचारलं, तर त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "मुरलीधर बाळकृष्ण वेळापुरे. लिहा."

मी म्हटलं, "अहो, ज्याचं त्यानं सांगा ना."

"न्हाई घेत आम्ही," अक्का म्हणाल्या. "सासूबाईंनी लावून दिलंय. उखाण्यात घ्यायचं तेवढं घ्यायचं. एरवी कचेरीत, बँकेत, दवाखान्यात नाव सांगायची वेळ आली तर हिनं माझ्या मालकांचं सांगायचं, मी हिच्या. थोरल्या दिराचं नाव धाकटीनं घेऊ नये म्हणतात लोक, पण सासूबाई म्हणाल्या, ते मी देवाला सांगीन. आता दोघं बी गेली, पण रीत कशाला मोडायची?"

मला ते फार आवडलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्यालाही सांगितलं, आणि तो म्हणाला, आपल्याकडे माझं नाव फक्त भांडताना घेतलं जातं.

तर ती खेप. अक्कांची परीक्षा संपली. मी सांगितलेल्या शब्दांपैकी त्यांना एकही आठवला नाही. घड्याळ काढा म्हटलं, तर सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसवले. मागच्यापेक्षा तब्येत घसरली होती हे उघड दिसत होतं. त्यांना बाकावर बसवून मी शेजारच्या खोलीत सुलोचनाबाईंकडे गेले.

"कशा आहेत अक्का?"

"ब्येस हायत की."

"विसरतात का?"

"न्हाई वो. काय बी विसरत न्हाईत."

"स्वयंपाक?"

"सगळं करत्यात."

"एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात?"

"छ्या!" त्या हसल्या. त्यांचं हसणं इतकं गोड होतं, की समोरच्याचं काम हलकं व्हायचं. दुसरे सोबती रडत, तक्रारी सांगत, तासन्‌तास उठत नसत. सुलोचनाबाईंची मुलाखत चहा गार व्हायच्या आत संपे. मी दमलेली असे, त्यामुळे मला त्या फार आवडत. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी पुढं केलं. गोळ्या असायला हव्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच कमी होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाणीत सांडल्या असतील." ते मागच्या वेळीही म्हणाल्या होत्या.

परत आले, तर अक्कांनी माझा हात धरला.

"बाई, माझं झालं न्हवं? आता हिला तपासा."

"कुणाला?"

"सुलूला. तिचं डोकं चालेना झालंय."

मी खुर्चीवर टेकले. हे वाक्य मला पाठ होतं. या आजाराची माणसं असंच म्हणतात. मला काही झालं नाही, बायकोच विसरते. मी किल्ली जाग्यावर ठेवतो, सूनच हलवते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर मलाच तपासायला घेतलं होतं. अक्का मागच्या खेपेलाही हेच म्हणाल्या होत्या, आणि आमचे डॉक्टर रेगे म्हणाले होते, "घरच्या माणसावर संशय. लक्षणांमध्ये लिहा." मी लिहिलं होतं.

"बरं, सांगते डॉक्टरांना," मी म्हणाले.

"तुम्ही मागं पण असंच म्हणला," अक्का म्हणाल्या. वार न आठवणाऱ्या बाईला हे बरं आठवत होतं.

डॉक्टर रेगे सज्जन माणूस. त्यांना त्या दिवशी आनंद झाला होता. "बघा, परीक्षेत मार्क कमी, पण घरी वागणं सुधारतंय. गोळी वागण्यावर काम करत असेल! सोबतीचा अहवाल इतका चांगला दुसऱ्या कुठल्याच रुग्णाचा नाही." मी मान हलवली. माझ्या पायात गोळे आले होते आणि अजून तीन रुग्ण बाहेर बसले होते.

त्या वेळी गोळीच्या दुष्परिणामांची नवी माहिती आली होती, म्हणून सगळ्यांची संमतीपत्रं नव्यानं भरून घ्यायची होती. दोघींना मी टेबलासमोर शेजारी शेजारी बसवलं. नाव, वय, पत्ता झाला.

"पतीचं नाव?" मी अक्कांना विचारलं, आणि रीतीप्रमाणे सुलोचनाबाईंकडे पाहिलं.

अक्कांनी जावेला कोपरानं ढोसलं.

सुलोचनाबाई हसल्या. "सांगा की अक्का."

"मी कशी सांगू? माझं तू सांगायचं."

"इश्श! तुम्ही बी..."

"सांग की गं. बाई खोळंबल्यात."

"तुमच्याकडं असंल की लिवलेलं," सुलोचनाबाई मला म्हणाल्या. आणि खरंच होतं. जुना कागद माझ्या हाताखालीच होता. मी त्यावरून नाव उतरवायला लागले, तर अक्कांनी माझ्या पेनावर हात ठेवला.

"लिवू नका. तिला सांगू द्या."

"अक्का, जाऊ द्या ना..."

"न्हाई." त्या जावेकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला, लहान मुलीशी बोलावं तसा. "सुलू, तुझं भावजी. तुला माहेरास्नं आणायला कोण यायचं बैलगाडी घेऊन? दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव हुतं आपल्या? रोज सकाळी पुसायचीस की तू ती पाटी."

सुलोचनाबाईंचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळे इकडेतिकडे धावत होते. टेबलावर, माझ्या तोंडाकडे, खिडकीकडे. परीक्षेत उत्तर न आलेल्या माणसाचे डोळे मी रोज पाहत होते. पाहताक्षणी मला कळलं.

"मला काय विचारताय?" त्या एकाएकी ओरडल्या. "आजारी तुम्ही हाय! तुमचं डोकं गेलंय, माझं न्हाई!"

बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. अक्कांनी पदर डोक्यावरून नीट घेतला, ताठ बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"नरहरी. माझ्या मालकांचं नाव नरहरी. नरहरी बाळकृष्ण वेळापुरे. लिवा."

सुलोचनाबाईंनी तोंडाला हात लावला. "अक्का! नाव घेतलं?"

"घेतलं," अक्का म्हणाल्या. "आता हिला हिच्या मालकांचं विचारा."

मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"मी न्हाई घेत," सुलोचनाबाई लाजून म्हणाल्या. "आमच्यात घेत न्हाईत."

त्या लाजण्यात सुटका झाल्याचा आनंद होता. त्या क्षणी मला त्यांची इतकी दया आली, की मी उठून त्यांना पाणी आणून दिलं, आणि विभागातल्या मावशींबरोबर बाहेर चहाला पाठवलं.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. अक्कांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या फार थकलेल्या दिसत होत्या.

"बघितलं?" त्या म्हणाल्या. "त्या रीतीच्या आड सगळं दडून राहिलं. कुणी नाव विचारलं की हिच्या मालकांचं मी सांगती. हिला माझ्या मालकांचं कुणी विचारतच न्हाई आता. कोण विचारणार? दुकान बंद. मलाच कळलं न्हाई लौकर."

"कधी कळलं?"

"ते मला सांगता यायचं न्हाई. मला दिवस कळत न्हाईत." त्या सरळपणे म्हणाल्या. "पण जेवायचं झालं पहिल्यांदा. दुपारी जेवून उठलो की ही परत ताटं घ्यायची. मी म्हणायची, सुलू, आत्ता तर जेवलो. ती म्हणायची, अक्का, तुम्ही विसरला. मला वाटायचं, असंल बाई. डोकं माझंच गेलंय, डॉक्टरनी तसं लिवून दिलंय. मी आपली गुमान जेवायची. दोनदा दोनदा जेवायची मी, बाई! पोटाला तडस लागायची. मग एक दिवस उष्टी भांडी मोजली मोरीतली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. अक्का हसल्या नाहीत.

"गोळीचं बी तसंच. सकाळची देती, आणि घडीभरानं परत देती. खाल्ली म्हणलं तरी ऐकत न्हाई. मी गालात धरती आणि न्हाणीत थुकती. गॅस चालू ऱ्हातोय. मी बंद करती. मला बाकीचं काय बी आठवू न आठवू, मी तेवढंच धरून बसलेली असती. सुलू उठली की तिच्या मागं उठायचं. ती झोपली की गॅस बघायचा. पण मी बी किती दिवस धरीन? माझं बी सुटत चाललंय. मग एक दिवस दोघी बी जळून मरू घरात."

"उदयना सांगितलं नाहीत?" उदय म्हणजे अक्कांचा मुलगा. चिंचवडला कारखान्यात होता. तोच दोघींना स्वारगेटवरून आणून सोडायचा आणि पाळी सुटल्यावर न्यायला यायचा.

"सांगितलं की. म्हणला, आई, काकू तुझं एवढं करती आणि तू तिच्यावरच आळ घेतीस? हे तुझ्या आजाराचं हाय. वैजूला सांगितलं, सुलूच्या लेकीला, बेळगावला असती ती. ती फोनवर रडली, म्हणली, काकींना आता माझी आई नकोशी झाली. तुम्हाला सांगितलं, तुम्ही लिवून ठेवलं. मग म्हणलं, आता हिलाच सगळ्यांसमोर बोलती करायची. दुसरा मार्ग न्हाई." त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला. "नवऱ्याचं नाव घ्यावं लागलं त्यापायी."

मी त्यांचा हात धरला. मग कामाचंच बोलले. "अक्का, हे डॉक्टरांना सांगावं लागेल. मग तुम्हाला सोबती राहणार नाही. चाचणीतून तुमचं नाव कमी होईल. गोळी बंद."

"होऊ दे बंद. त्या गोळीसाठी कोण येतंय? ती न्हाणीच्या मोरीनं खाल्ली. मी हिला दाखवायला येत हुते."

"आणि उदयना कळेल."

हे ऐकल्यावर मात्र त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाल्या, "तेच भ्या हाय मला. ती दोघं आम्हाला तोडतील. मला चिंचवडला, तिला बेळगावला. मी लगीन होऊन आले आणि तीन वर्षांत ही आली. तवापास्नं आम्ही एका घरात. न सांगावं तर जळून मरतो, सांगावं तर तुटतो. काय करू सांगा."

मी डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टर रेगे यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी सुलोचनाबाईंना स्वतः तपासलं. त्याच परीक्षा, तेच शब्द. तासाभरानं बाहेर आले, ते मला म्हणाले, "थोरलीपेक्षा हिचा आजार पुढं गेलाय. इतके दिवस हसण्यावारी नेत होती." मग कपाळ चोळत म्हणाले, "पण निदानाला घरातली माहिती लागेल. कधीपासून, काय काय. सोबती कोण आहे हिची?"

"अक्का."

"अहो, त्या रुग्ण आहेत. रुग्णाची साक्ष कशी धरायची?"

"दुसरं कोणी त्या घरात राहत नाही, सर."

त्यांनी सोबत्याचा कोरा अर्ज माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "घ्या."

म्हणून मी अक्कांना त्या दुसऱ्या खोलीत, सोबत्याच्या खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत मी घेतलेल्या मुलाखतींत तशी दुसरी नाही. सुलोचनाबाई कपडे उलटे घालतात का? घालते, पण सांगितलं की हसून बदलते. रस्ता चुकतात का? चुकते, दुकान उघडायचंय म्हणून निघते, मी पण तिच्याबरोबर निघते, कुलपाला हात लावून येतो. चिडतात का? संध्याकाळी. मग मी तिच्या हातात बांगड्यांचा पेटारा देते, ती एकेका रंगाच्या बांगड्या वेगळ्या लावत बसते. मधेच अक्का थांबून मला विचारत, "तुम्ही कोण म्हणला?" मी सांगे. त्या मान हलवून पुन्हा सुलूबद्दल सांगायला लागत. एकच गोष्ट दोनदा, तीनदा सांगितली, पण दर वेळी तीच, तशीच, काडीचाही फरक नाही. लिहिता लिहिता माझी अक्षरं ओलसर झाली. लाज वाटली म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

दुपारी उदय आला. पाळी करून आलेला, शर्टावर तेलाचे डाग, डोळे तांबारलेले. डॉक्टरांनी त्याला सांगितलं. तो बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"दोघी?" तो म्हणाला. "दोघीही?"

"हो."

"आई मला कधीपासून सांगत होती." अक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सुलोचनाबाई त्याच्याकडे प्रेमानं बघून म्हणाल्या, "दमला असशील रे. जेवलास का?"

त्यानं व्हरांड्यात जाऊन वैजूला फोन केला. बराच वेळ बोलत होता. परत आला तेव्हा ठरलेलं दिसत होतं. माझ्याशी बोलल्यासारखं करून तो खरं तर आईशी बोलत होता.

"मॅडम, माझं घर दोन खोल्यांचं. बायको पण कामाला जाते. एक माणूस कसंतरी सांभाळेन. दोन नाही जमणार. काकूंना वैजू घेऊन जाईल. ती तिची आई आहे, तिचा हक्कच आहे. अजून काय करू मी?"

त्याचं काही चुकत नव्हतं. मी कितीतरी घरं बघितली होती, जिथं एकालाही कुणी घेत नाही.

अक्का उठल्या. मला वाटलं, आता भांडतील. त्या उदयसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी शांतपणे, बाजारात भाव पटवावा तसं बोलल्या.

"हे बघ उदय. डॉक्टर म्हणतात, मी विसरणार. ही बी विसरणार. सगळं विसरणार, माणसं पण. खरं न्हवं का, डॉक्टर?"

रेग्यांनी खाली बघून मान हलवली.

"मग तोवर ठेव. आम्ही दोघी एकमेकीला विसरेपत्तर ठेव एका घरात. एकदा विसरलो, की मग कुठं बी ने. हिला बेळगावला ने, मला काशीला ने. आम्हाला काय कळणार हाय? तवा तोड. पण आत्ता कळतंय रे, आत्ता नको."

मावशी चहाचे पेले घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. उदयनं भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मग नाक पुसून तो म्हणाला, "चला. रिक्षा बघतो. दोघी चला घरी."

त्याच वर्षाअखेर ती गोळीची चाचणी बंद पडली. खऱ्या गोळीनंही कुणाला काही फरक पडला नव्हता. मी दुसऱ्या कामाला लागले. उदय मधूनमधून फोन करत असे, काही विचारायचं असलं की. रात्री झोपत नाहीत, काय करू? अंघोळीला नाही म्हणतात, काय करू? मला ठाऊक होतं तेवढं मी सांगे. त्याच्या आवाजात हळूहळू तोच थकवा येत गेला, जो मी सोबत्यांच्या आवाजात ओळखत असे.

दोनेक वर्षांनी एका रविवारी त्याचा फोन आला. "मॅडम, घरी याल का जरा? आई तुमचं ऐकते."

मी चिंचवडला गेले. हॉलमध्ये जमिनीवर दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मधे पावट्याच्या शेंगांची परात. अक्का अर्ध्या झाल्या होत्या. सुलोचनाबाईंचं हसू तसंच होतं.

दाराशी कपड्यांची बॅग भरून ठेवलेली होती. उदयनं मला स्वयंपाकघरात नेऊन हलक्या आवाजात सांगितलं. "काकू आता कुणालाच ओळखत नाहीत. आईलाही नाही. महिना झाला. रोज सकाळी तिला विचारतात, तुम्ही कुणाकडं आलाय? माझी बायको आजारी पडलीय मॅडम, तिची पाठ गेलीय या दोघींना उचलून उचलून. वैजू उद्या येतेय न्यायला. आईनं स्वतःच तसं म्हटलं होतं ना? तुम्ही होता तिथं."

"होते," मी म्हणाले.

"मग तुम्हीच सांगा तिला. माझ्या तोंडून निघत नाही."

माझ्याही तोंडून निघालं नसतं. पण आम्ही बाहेर आलो तेव्हा सुलोचनाबाई अक्कांना म्हणत होत्या, "बाई, तुमचं घर कुठलं म्हणायचं?"

"कराड."

"आत्ता गं बया! मी बी कराडचीच की. मग जाऊ नका लगेच. मला हितं कुणाशी बोलायला न्हाई."

"न्हाई जात," अक्का म्हणाल्या, आणि तिच्या पुढ्यातल्या शेंगा आपल्याकडे ओढून सोलायला लागल्या.

उदय आईशेजारी खाली बसला. "आई, आठवतं का तुला? तू म्हणाली होतीस, एकमेकींना विसरेपर्यंत ठेव. काकू विसरली बघ तुला."

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं, त्यांना तो कोण हेही आठवत नसावं. मग त्यांनी दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं.

"ती विसरली," त्या म्हणाल्या. "पण ठरलं काय हुतं? दोघी विसरल्यावर. मी कुठं विसरलेय?"

"आई..."

"मी विसरले, की मी तुला सांगते."

उदयनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तो उठला, फोन घेऊन गॅलरीत गेला, आणि वैजूला म्हणाला, "उद्या नको येऊस. नाही, अजून नाही. कळवतो मी."